निलंग्याच्या आजाराचा प्राध्यापक

निलंगा तालुक्यात सोयाबीनच्या राशीवर राबणाऱ्या आणि हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या एखाद्या बाईचे मूत्रपिंड का बिघडले, हे शोधायचे ठरवले तर आधी त्या बाईचे तुकडे करावे लागतात. ती पिते ते बोअरचे पाणी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या वाट्याला येते, कारण भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र तिथे शिकवतात. ज्या रानात ती उभी असते आणि ज्या फवारणीचा वास तिच्या लुगड्याला येतो, तो विषय परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा. मूत्रपिंड मात्र नाशिकला जाते, कारण लातूर आणि नांदेड इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. भूजलाची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे, उन्हाचा आकडा हवामान खात्याकडे, आणि बाई गेलीच तर तिची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात. सगळी बाई एका टेबलावर कधीच येत नाही. माझी मागणी एवढीच आहे, की लातूर-नांदेड भागात परिसर आणि माणसाचे आरोग्य यांचा एकत्र अभ्यास करणारी कायम स्वरूपाची विद्यापीठीय संशोधनपदे असावीत. आठवड्याचे तास घेऊन उरलेल्या वेळात करायचा हा उद्योग नाही. ज्याचे पगारी कामच ते आहे, अशी माणसे हवीत.

या मागणीला विरोध करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या विरोधात दम आहे. त्यांचे आक्षेप एकत्र करून मी एक माणूस कल्पिला आहे. निलंग्याच्या कोर्टात वकिली करणारे, घरची शेती असलेले, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. त्यांना वकीलसाहेब म्हणू. ते मला सर म्हणतील. चार ओळी लिहिणाऱ्याला सर म्हणायची आमच्याकडे रीतच आहे.

"सर, तुम्ही म्हणायलात ते ऐकायला बरं वाटतं," वकीलसाहेब पहिल्याच तारखेला मुद्द्याला हात घालतात, "पण गावाकडच्या दवाखान्यात डॉक्टर सापडत नाही, रक्त तपासायला पोराला शहरात जावं लागतं, आणि तुम्ही प्राध्यापक मागायलात. महाविद्यालयांत नेट-सेट झालेली पोरं तासिका तत्त्वावर म्हातारी व्हायलेत. आहेत ती पदं रिकामी, त्यात तुमची नवीन. आणि ही कल्पना आणली कुठून, तर नॉर्वे-फिनलंडातून. तिथं माणसं मोजकी, पैसा बख्खळ. त्यांना बर्फात राहणाऱ्याच्या काळजाचा अभ्यास परवडतो. आपल्याला आधी दवाखाना पाहिजे."

उत्तरेचे उदाहरण घ्यायचे तर ते नीट पाहू. नॉर्वेच्या संसदेने ट्रॉम्सो या गावी, उत्तर ध्रुववृत्ताच्या कितीतरी वर, विद्यापीठ काढायचा निर्णय घेतला तो १९६८ साली. उत्तर समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला १९६९ च्या अखेरीस. म्हणजे ज्या पैशाचा आपण दाखला देतो तो यायच्या आधी हा निर्णय झाला होता. त्या काळी नॉर्वेचा उत्तर भाग त्या देशाचा मराठवाडाच होता: विरळ वस्ती, मासेमारी, दक्षिणेत शिकलेला डॉक्टर तिकडे टिकत नसे. म्हणूनच तिथे वैद्यकीय शिक्षण सुरू करण्यामागे डॉक्टर तिथेच घडावा आणि तिथेच राहावा, हा हेतू उघडपणे होता. विद्यापीठ १९७२ साली सुरू झाले आणि दोनच वर्षांत, १९७४ मध्ये, तिथल्या माणसांनी गावातल्या लोकांची तपासणी हाती घेतली, कारण उत्तर नॉर्वेतले पुरुष मध्यम वयात हृदयविकाराने फार मरत होते. ती तपासणी ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा होत राहिली. पुढे याच नोंदींवरून असे दिसले, की १९९५ ते २०१० या काळात तिथे हृदयविकाराचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले आणि त्या घटीचा सुमारे दोन तृतीयांश वाटा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान अशा आधीच ओळखलेल्या धोक्यांत झालेल्या बदलांचा होता. दवाखाना आधी की अभ्यास आधी, असा प्रश्न तिथे कुणी ठेवला नाही; डॉक्टर आणि अभ्यास एकाच इमारतीत आले.

फिनलंडची गोष्ट तर आपल्या खिशाला अधिक परवडणारी. उत्तरेकडच्या औलू आणि लॅपलंड या दोन प्रांतांत १९६६ साली जन्माला येणार होती त्या सगळ्या बाळांची, म्हणजे १२ हजारांवर मुलांची, नोंद पाउला रांताकाल्लिओ या बालरोगतज्ज्ञ बाईंनी सुरू केली. सुरुवातीला लागले ते काय? गरोदर बायकांना तपासणारी केंद्रे, तिथल्या सुइणी-परिचारिका आणि छापील अर्ज. ती मुले आज साठीला पोहोचली आहेत आणि त्यांच्या आयुष्याची नोंद अजून चालू आहे. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी आणि गरोदर मातेचे कार्ड या तिन्ही गोष्टी निलंग्याच्या प्रत्येक गावात आहेत. कमी आहे ते ही कार्डे साठ वर्षे सांभाळून वाचणारे पद.

"डॉक्टर तिथेच घडावा म्हणता," वकीलसाहेब हसतात, "आपण काय कमी घडवले? लातूर पॅटर्ननं अख्ख्या राज्याला डॉक्टर पुरवलेत." पुरवले खरे. प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्रभरातून मुले लातूरला येऊन खोल्या घेऊन राहतात. परीक्षेत काय विचारतील याचा जितका बारकाईने अभ्यास या शहरात होतो, तितका इथल्या पाण्यात काय आहे याचा झाला असता तर हा लेख लिहावाच लागला नसता. पण तो विषय सोडू; वकीलसाहेबांचा पुढचा मुद्दा जास्त वजनदार आहे.

"बरं, अभ्यास पाहिजे हे मान्य. तो पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांना करू द्या की. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, माणसं आहेत, नाव आहे. प्रकल्प आणा, तीन वर्षं काम करा, अहवाल द्या, विषय संपवा. कायमचं पद कशाला? आणि कायमच्या पदाशिवाय काम होत नाही म्हणाल, तर गडचिरोलीच्या बंगांचं काय? त्यांना कुठल्या विद्यापीठानं खुर्ची दिली होती?"

आधी प्रकल्पाचे. १९९३ हे साल घेऊ. त्या वर्षी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने बायकांच्या गरोदरपणाची नोंद सुरू केली. बाळे जन्मली तेव्हा मोजली, वाढत गेली तशी पुन्हा पुन्हा मोजली. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, पण त्या हलक्या अंगातही चरबी टिकून असते, हे त्यातून कळले. भारतीय माणसाला मधुमेह लवकर आणि सडपातळ अंगातही का होतो, याचा एक धागा आईच्या पोटापर्यंत जातो, हे जगाला सांगितले ते या सहा खेड्यांनी. तीन वर्षांनी अहवाल देऊन विषय संपवला असता तर हाती काय आले असते? बाळांच्या वजनांचा एक तक्ता. धागा दिसायला ती मुले मोठी व्हावी लागली.

त्याच १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे बांधून झाली, आणि त्या अर्थाने तो प्रकल्प पुरा झाला. पण त्या वर्षी जी मुले आईच्या पोटात होती, जी तात्पुरत्या शेडमध्ये वाढली, त्यांचे वजन, रक्तदाब, झोप, मन यांचे पुढच्या तीस वर्षांत काय झाले, हे गावोगाव पाहत राहणे कोणत्या पदाच्या कामात बसत होते? भूकंप झाला तेव्हा नांदेडचे विद्यापीठ नव्हतेच. ते पुढच्या वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, सुरू झाले. आता तिथे भूशास्त्राचे संकुल आहे, जमिनीच्या हालचालींविषयी तिथले प्राध्यापक बोलतात. जमिनीवरच्या माणसाच्या अंगात काय उरले, हा प्रश्न त्या संकुलाच्या अभ्यासक्रमाबाहेरचा. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून आवाज येऊ लागले, तेव्हा बाहेरून तज्ज्ञ आले, यंत्रे आली. लोकांना रात्री झोप लागत नव्हती. ती झोप मोजणारे कोणतेही यंत्र त्या ताफ्यात असण्याचे कारण नव्हते.

दुसरे उदाहरण लातूरच्या रेल्वेचे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मग पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या आणि पाऊस येईपर्यंत त्या येत राहिल्या. देशभरच्या कॅमेऱ्यांनी त्या गाडीचे चित्रण केले. त्या उन्हाळ्यात लातुरातल्या गरोदर बायकांनी कोणते पाणी, किती प्यायले? टँकरचे, की शेवटच्या थेंबापर्यंत खाली गेलेल्या बोअरचे? त्यांची बाळे आता दहा वर्षांची होत आहेत, ती कशी आहेत? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अशा प्रश्नाचे उत्तर कपाटातून काढता येते. लातुरात तो प्रश्न तीन वर्षांच्या प्रकल्पात मावत नाही म्हणून विचारलाच जात नाही. दुष्काळ संपल्यावर प्रस्ताव लिहायला बसणाऱ्याला दुष्काळाच्या आधीची मोजणी कुठून मिळणार? ती आधीपासून चालू असावी लागते, आणि काही घडत नसताना मोजत बसायला कायमचा माणूसच लागतो.

लांबून अभ्यास होतो, या म्हणण्यावर आपल्याच सरकारचा विश्वास नाही, हे इथे नोंदवायला हवे. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्ड बेटांवर २००८ सालापासून भारताचे 'हिमाद्री' हे केंद्र आहे आणि ते चालवणारी राष्ट्रीय संस्था आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोला आहे. तिकडचा बर्फ आणि आपला मान्सून यांचे नाते तपासायला शास्त्रज्ञ तिथे जाऊन राहतात, कारण गोव्यात बसून तो बर्फ मोजता येत नाही. हा खर्च मला पटतो. मात्र ज्या देशाला ध्रुवावर माणूस बसवावासा वाटतो, त्याला निलंग्याचा मे महिना पुण्यातून समजेल असे वाटावे, हे गमतीचे आहे.

बंगांचे उदाहरण वकीलसाहेबांनी काढले ते बरे झाले, कारण ते माझ्याच बाजूने अधिक बोलते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीत राहिले म्हणून १९८९ साली दोन गावांतल्या बायकांच्या स्त्रीरोगांचे खरे प्रमाण जगाला कळले. एकोणचाळीस गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतल्याने बालमृत्यू किती घटतात, हे १९९९ साली त्यांनी दाखवले आणि ती पद्धत पुढे देशभरच्या आशांच्या कामाचा भाग झाली. जागेवर राहून केलेल्या अभ्यासाचे याहून मोठे फळ महाराष्ट्रात शोधावे लागेल. पण अशी जोडपी जाहिरात देऊन मिळत नाहीत. मराठवाड्याने आपले बंग जन्मायची वाट पाहत बसायचे का? साध्या, कष्टाळू, बदली झाली की सामान बांधणाऱ्या माणसांकडूनही काम होत राहावे, यासाठीच तर पदे नावाची व्यवस्था असते.

इथे वकीलसाहेब उलटतपासणी घेतात. "सर, कॅनडाचं तुम्ही सांगत नाही. एस्किमो बायकांच्या दुधात विष सापडलं ते शोधणारा माणूस कुठला होता? तिथला होता का?" नव्हता. एरिक डेवाइली हे दक्षिणेत क्वेबेक शहरातल्या लावाल विद्यापीठाचे डॉक्टर. १९८०च्या दशकात ते क्वेबेकमधल्या आईच्या दुधातली औद्योगिक रसायने मोजत होते आणि तुलनेसाठी स्वच्छ मुलखातले दूध हवे म्हणून उत्तरेच्या इन्युइट बायकांचे दूध तपासले गेले. जिथे कारखाना नाही तिथल्या दुधात पीसीबी नावाची रसायने दक्षिणेच्या जवळपास पाचपट निघाली: वारा आणि समुद्रप्रवाहांनी नेलेली, मासे आणि सीलच्या चरबीत साठलेली. याच तऱ्हेच्या पुराव्यांच्या बळावर २००१ चा स्टॉकहोम करार झाला, आणि त्याच्या प्रास्ताविकात आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांचा धोका नावाने आला. तेव्हा वकीलसाहेबांचा मुद्दा मला असा वापरायचा आहे: पत्ता दुय्यम, टिकाव पहिला. डेवाइली २०१४ साली मृत्यू येईपर्यंत त्याच लोकांच्या आरोग्यावर काम करत राहिले, कारण विद्यापीठाने त्यांना ते करू दिले. शोध लागला तोही अनपेक्षित ठिकाणी. आपल्याकडे कारखाने नाहीत, हवा चांगली आहे, मग तपासायचे काय, असे निलंग्यात म्हणणाऱ्याला हे दूध आठवावे.

"आता माझा खरा मुद्दा," वकीलसाहेब पुढे सरसावतात. "आपल्याला काय करायचं ते माहीत आहे. किनवटकडच्या पाण्यात फ्लोराइड आहे, दात पिवळे, हाडं वाकडी. प्रमाण दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी पिऊ नये हे पुस्तकात छापलंय. मग? अभ्यास म्हणजे काम लांबणीवर टाकायचं साधन. समिती नेमली की पाच वर्षं निवांत. पाणी द्या, सावली द्या, मजुरी द्या. संशोधन कशाला पाहिजे?"

हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो आणि फ्लोराइडपुरता तो पूर्णपणे खरा आहे. कारण ठाऊक, मर्यादा ठाऊक, उपाय ठाऊक. तिथे नवा प्रबंध लिहिणे म्हणजे तहानलेल्याला पाण्याचे रासायनिक सूत्र शिकवणे. त्या गावांना दुसरे पाणी द्यावे आणि विषय मिटवावा. पण वकीलसाहेब माहीत असलेल्या आजाराचे उदाहरण देऊन माहीत नसलेल्या आजारांचा निकाल लावतात. बीडच्या ऊसतोड बायकांचे घ्या. त्यांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जातात, हे २०१९ साली बातम्यांतून उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे निघाले. म्हणजे सहा-सात जणींमागे एक. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. वयोगट तंतोतंत जुळणार नाहीत, तरी फरक डोळ्यांत खुपतो. तीन विद्यापीठे, अनेक वैद्यकीय महाविद्यालये आणि शेकडो प्रबंध असलेल्या प्रदेशात ही गोष्ट पत्रकारांनी बाहेर काढावी लागली. डॉक्टरची फी, मुकादमाची उचल, पाळीच्या दिवसांतला खाडा, फडावर संडास नसणे, यांतले कोणते कारण किती, हे वेगळे काढल्याशिवाय कायदा कुणाला लावायचा? समिती अहवाल देते आणि उठते. पुढच्या हंगामात आकडा घटला की वाढला, हे पाहायला कुणी बसलेले नसते.

मूत्रपिंडाचेही तसेच. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर, निकाराग्वा इथल्या उसाच्या मळ्यांत मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशा तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होताना आढळली आणि २००२ पासून हा वेगळाच विकार म्हणून चर्चेत आला. आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागातही तसाच प्रकार आहे. ऊन, अंगमेहनत, अपुरे पाणी, औषधफवारणी, भूजल, सगळ्यांवर संशय आहे आणि एकाच कारणावर अजून एकमत नाही. ऊस आमच्याकडे आहे, ऊन आहे, बोअर आहे, फवारणी आहे. विकारही आहे की नाही? सावली द्या म्हणणे सोपे. पण कारण पाण्यात असेल तर सावलीने भागणार नाही, आणि कारण उन्हात असेल तर पाणी शुद्ध करणारे यंत्र बसवून उद्घाटनाचे फोटो तेवढे निघतील.

उन्हाबद्दल अहमदाबादने धडा घालून दिला आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघाताचे म्हणून नोंदलेले मृत्यू थोडे होते. गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या महिन्यातले शहरातले सगळे मृत्यू इतर वर्षांच्या मृत्यूंशी ताडून पाहिले तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. याच कामातून २०१३ साली शहराचा उष्णता कृती आराखडा आला आणि इतर शहरांनी तो उचलला. निलंगा तालुक्यात अशी बेरीज करायला काय लागेल? ग्रामपंचायतींतली मृत्यूची दप्तरे आणि महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचे रोजचे आकडे. दोन्ही सरकारी आहेत. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी एक चतुर्थांशापेक्षाही कमी मृत्यूंना डॉक्टरने लिहिलेले कारण असते, म्हणून कुणीतरी घरोघर जाऊन विचारावे लागेल, एवढीच भर.

शिवाय इथला उन्हाळा अहमदाबादचा नाही. किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. त्या भीतीने या पट्ट्यात माळवद उतरले आणि पत्रा आला. भूकंपात पत्रा माणूस मारत नाही, हे खरे. पण जाड भिंतीचे घर दुपारी गार असे. पत्र्याखाली मे महिन्यात बाळंतीण, म्हातारा, दमेकरी कसा जगतो? एका आपत्तीवरचा उपाय दुसऱ्या आपत्तीला आमंत्रण देतो आहे का, आणि देत असेल तर छताला कोणता स्वस्त थर घातला म्हणजे दोन्ही टळेल? हा प्रश्न भूकंपतज्ज्ञाचा आहे, हवामानतज्ज्ञाचा आहे, डॉक्टरचा आहे आणि गवंड्याचाही. जगातल्या कुठल्याही मोठ्या संस्थेला तो सुचणार नाही, कारण त्यासाठी किल्लारी आणि निलंग्याचा मे महिना, दोन्ही एकाच डोक्यात असावे लागतात.

"डोकी मिळतील का?" वकीलसाहेब शेवटचा पत्ता टाकतात. "पद मंजूर झालं की आधी बिंदुनामावलीवर भांडण, मग केस. केस माझ्याकडेच येईल, माझा तर फायदाच आहे. मग कुणाचा तरी भाचा लागणार. तो दोन संगणक, एक फलक आणि एक राष्ट्रीय परिषद एवढ्यावर निवृत्त होणार. पीएचड्या कशा होतात ते तुम्हालाही ठाऊक आहे."

ठाऊक आहे. त्यावर माझे उत्तर असे, की ही पदे एका महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या हाती देऊच नयेत. विद्यापीठाचे लातूरचे उपकेंद्र आणि तिथली विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांनी मिळून ती भरावीत; निवड समितीत बाहेरच्या राज्यांतले जाणकार असावेत; आणि पदावरच्या माणसाचे मोल छापलेल्या निबंधांच्या संख्येवर न करता, ठरवून दिलेल्या गावांची नोंद दरवर्षी पुरी झाली का, ती इतर संशोधकांना उघडी केली का आणि ग्रामसभेपुढे मराठीत मांडली का, यावर करावे. गावांची नोंद खोटी भरणे प्रबंध उतरवण्याइतके सोपे नाही, कारण गाव समोर बसलेले असते. आरक्षण पाळूनच हे करता येते. नियुक्ती बुडवायला बिंदुनामावली पुढे करण्याची सवय वेगळी आणि बिंदुनामावली वेगळी. एवढे करूनही एखादा भाचा लागेल. भाचे लागतात म्हणून तहसील कार्यालये आपण बंद केली नाहीत.

राहिला पैसा. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. एक पर्यावरणाचा, एक वैद्यकाचा, एक संख्याशास्त्राचा आणि एक समाजशास्त्राचा अशी चार पदे धरली तर वर्षाला पावणे अठ्ठावीस लाखांच्या आत मूळ वेतन येते. भत्ते आणि गावपातळीवरच्या मदतनिसांसाठी ते दुप्पट धरा, ५५-५६ लाख. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पोचवल्याचे रेल्वेने पाठवलेले बिल ४ कोटींचे होते. त्या एका बिलात हा चौघांचा विभाग सात वर्षे चालला असता. पाणी आणायला नको होते, असे कुणी म्हणणार नाही. पण आपत्ती आल्यावर जे खाते झटक्यात उघडते, ते आधी कधी उघडत नाही, आणि वकीलसाहेबांच्या 'परवडत नाही' या शब्दाचा खरा अर्थ बहुतेक वेळा तेवढाच असतो.

वकीलसाहेब अजून राजी नाहीत; माझ्या अटी कागदावरच राहतील असे त्यांना वाटते, आणि तसे वाटायला त्यांच्याकडे तीस वर्षांचे दाखले आहेत. म्हणून पुढचे वाचकांनाच सांगतो. विद्यापीठाला दर पाच वर्षांनी बृहत् आराखडा करावा लागतो आणि त्याची चर्चा बहुतेक करून कुठल्या गावाला कोणते महाविद्यालय द्यायचे यावरच संपते. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या ज्या पदवीधरांची नावे त्या मतदारयादीत आहेत, त्यांनी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारावे, की पुढच्या बृहत् आराखड्यात परिसर आणि आरोग्य यांची एकत्र संशोधनपदे मागणारा ठराव तुम्ही मांडणार आहात का. ज्यांनी पदवी घेऊनही नाव नोंदवलेले नाही, त्यांनी आधी ते नोंदवावे.